दात घरीच पांढरे करायचेत? आधी रंग नेमका कुठे बसलाय ते बघा

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. दात बरीच वर्षं पिवळट आहेत, दिवसाला चार-पाच कप चहा होतो, सिगरेट सोडून वर्ष झालं, सहा आठवड्यांनी घरात समारंभ आहे आणि फोटोत तोंड उघडून हसायची लाज वाटते. म्हणून व्हिडिओ बघून दोन आठवडे लिंबू आणि खायचा सोडा दातांवर चोळलात, पहिले दोन-तीन दिवस फरक वाटला, मग काहीच नाही, आणि आता गार पाणी प्यायलं की कळ जाते. आता विचारताय की कोळशाची पावडर आणू की ऑनलाइन मिळणारं व्हाइटनिंग जेल. आणि अगदी शेवटी एक ओळ आहे, की वरचा पुढचा एक दात लहानपणी पडल्यापासून बाकीच्यांपेक्षा करडा दिसतो, तोही यातच पांढरा होईल ना.

मी त्या शेवटच्या ओळीवर अडकले. त्याबद्दल खाली सविस्तर लिहिते, पण आधी एक सांगते. गेली अठरा वर्षं मी रोज दात बघतेय आणि "डॉक्टर, दात पिवळे आहेत" हे वाक्य ज्यांच्या तोंडून येतं त्यांच्यात निदान तीन वेगवेगळी दुखणी असतात. कुणाच्या दातावर थर चढलेला असतो, कुणाच्या दाताचा मूळ रंगच पिवळसर असतो, आणि कुणाचा दात आतून मेलेला असतो. तिघांना एकच पावडर देऊन चालत नाही. तुमच्या बाबतीत तर मला तिन्ही एकत्र असतील असं वाटतंय, म्हणून काय आणू याच्या आधी रंग कुठे आहे हे शोधायला हवं. तोंडात न बघता मी खात्रीने काही सांगू शकत नाही, पण विचार कसा करायचा ते सांगते.

सगळ्यात आधी लिंबू बंद. आज रात्रीपासून. लिंबाच्या रसाचा पीएच (आम्लपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) दोन ते अडीचच्या आसपास असतो आणि पीएच साधारण साडेपाचच्या खाली गेला की दाताचं इनॅमल, म्हणजे वरचं कठीण आवरण, विरघळायला लागतं. आंबट खाल्ल्यावर दात आंबतात म्हणतो ना आपण, ते एरवी थोड्या वेळाने बरं होतं कारण लाळ आम्ल धुऊन टाकते आणि विरघळलेल्यातले थोडे क्षार परत आणून बसवते. पण तुम्ही लिंबू लावून वर ब्रशने चोळलं, म्हणजे मऊ झालेला पृष्ठभाग लाळेला सावरायला वेळ न देता खरवडून काढला. पहिल्या दोन-तीन दिवसांत जो फरक दिसला तो खोटा नव्हता, वरचा चहाचा थर गेला. पण त्याच्याबरोबर इनॅमलचाही पातळ पापुद्रा गेला, आणि इनॅमल परत येत नाही. ते बनवणाऱ्या पेशी दात हिरडीतून बाहेर येतानाच संपतात, त्यामुळे शरीराकडे ते नव्याने तयार करायची काही सोयच नाही.

आणि गंमत नाही, खरंच सांगते, असं घासून दात उलट जास्त पिवळे दिसायला लागतात. इनॅमल तसं अर्धपारदर्शक असतं, दुधी काचेसारखं. त्याच्या खाली डेंटिन असतं आणि डेंटिनचा रंगच पिवळा आहे. दाढेच्या टोकावर इनॅमल अडीच मिलिमीटरपर्यंत जाड असतं, हिरडीजवळ मात्र जेमतेम पापुद्रा असतो, म्हणून कुठलाही निरोगी दात हिरडीपाशी जास्त पिवळा आणि टोकाला फिका दिसतो. काच जितकी पातळ कराल तितकं आतलं पिवळं जास्त दिसणार. वय वाढतं तसं हेच हळूहळू सगळ्यांचं होतं, वरचं झिजतं आणि आतलं डेंटिन जाड होत जातं. आरशात बघा, तुमचे सुळे पटाशीच्या दातांपेक्षा गडद असतील. तो डाग नाही, सुळ्यात डेंटिन जास्त असतं म्हणून ते तसेच असतात.

सोड्याबद्दल मात्र मी थोडी बाजू घेईन. खायचा सोडा तसा मऊ असतो, इनॅमलपेक्षा बराच मऊ, आणि तो आम्लही नाही, म्हणून बऱ्याच टूथपेस्टमध्ये तो असतो आणि वरवरचे डाग काढायला बरा पडतो. पण तो आतला रंग बदलत नाही, त्यात फ्लोराइड नसतं, आणि लिंबात कालवला की चांगुलपणा संपला. कोळशाची पावडर मी कुणालाच सांगत नाही. ती दात ब्लीच करते याला धड पुरावा नाही, ती फक्त घासते, आणि किती खरखरीत आहे हे डब्याडब्यावर अवलंबून. त्यातल्या बऱ्याच पावडरींत फ्लोराइड नसतं. शिवाय बारीक काळे कण फिलिंगच्या कडेला आणि हिरडीच्या फटीत जाऊन बसतात. फिलिंगभोवती केसाएवढी काळी रेघ घेऊन लोक येतात, त्यांना वाटतं कीड लागली, आणि ती रेघ काढायला कधीकधी फिलिंगच बदलावं लागतं. तुमचे दात आधीच कळ मारतायत, त्यावर हे नको.

आता वरच्या थराकडे येते, कारण तुमच्या पिवळेपणातला बराचसा भाग इथेच असेल असा माझा अंदाज आहे. ब्रश केल्यावर काही मिनिटांतच लाळेतल्या प्रथिनांचा एक पातळ थर दातावर परत बसतो, तो नैसर्गिक आहे आणि दाताच्या भल्याचाच आहे. पण चहा-कॉफीतले टॅनिन आणि धुरातला टार त्याला चिकटतात. दुधाचा चहा कोऱ्या चहापेक्षा कमी डाग पाडतो कारण दुधातलं केसीन टॅनिनला धरून ठेवतं. क्लोरहेक्सिडिनचा माउथवॉश दोन-तीन आठवड्यांच्या वर वापरला तरी असे तपकिरी डाग येतात, तुम्ही वापरत असाल तर डॉक्टरला सांगा. आणि जिथे ब्रश नीट पोचत नाही तिथे हा थर क्षार शोषून दगडासारखा होतो, ते किटण. ते ब्रशने निघत नाही, कुठल्याही पेस्टने निघत नाही.

घरी बघायचं असेल तर असं करा. उजेडात, खालच्या पुढच्या दातांची आतली बाजू, जिभेकडची, छोट्या आरशाने बघा आणि कोरड्या कापसाने पुसा. तिथे पिवळी-तपकिरी कड दातांच्या मधून पुलासारखी जोडलेली दिसली आणि नखाला खरबरीत लागली, तर ते किटण. पुढून दाताचा रंग सगळीकडे सारखा पिवळसर आणि गुळगुळीत असेल तर तो बहुतेक मूळ रंग. आणि ठिपके, रेघा, दातांच्या फटीत जास्त गडद असं असेल तर तो वरचा डाग.

वरच्या डागाचं औषध म्हणजे स्केलिंग आणि पॉलिशिंग, म्हणजे डॉक्टरकडून किटण काढून दात गुळगुळीत करून घेणं. "त्याने दात हलतात" असं मला आठवड्यातून एकदा तरी ऐकावं लागतं, आणि या गैरसमजामुळे लोक वर्षानुवर्षं येत नाहीत याचं मला खरंच वाईट वाटतं. दात हलतात ते किटणाखाली हिरडी आणि हाड खाली सरकल्यामुळे. किटण काढलं की मधल्या फटी मोकळ्या होतात, जीभ तिथे जाते, आणि नवीन काहीतरी झाल्यासारखं वाटतं. एकदा एक काका आले होते, जवळपास तीस वर्षं तंबाखू. मला थेट सगळे दात पांढरे करणारं ते लायटीचं करून द्या म्हणाले. मी खालच्या सहा दातांतले डावीकडचे तीनच साफ केले आणि हातात आरसा दिला. ते बराच वेळ काही बोललेच नाहीत, मग बोटाने एकदा या तीन दातांवरून आणि एकदा त्या तीन दातांवरून फिरवून बघितलं. पूर्ण स्केलिंग झाल्यावर ते म्हणाले आता पुढचं काही नको. त्यांचे दात काही जाहिरातीसारखे पांढरे झाले नव्हते, पण त्यांचे स्वतःचे होते.

म्हणून माझा नियम असा आहे की स्केलिंगनंतर निदान आठ-दहा दिवस थांबून मगच ब्लीचिंगचं ठरवायचं. बऱ्याच जणांना तेवढं पुरतं. आणि किटणावरून जेल लावलं तर ते दातापर्यंत पोचतच नाही, हिरडीला मात्र भाजतं.

समजा स्केलिंगनंतरही रंग खटकला, तर तो आतला रंग, आणि त्याला खरोखर बदलणारी गोष्ट एकच, पेरॉक्साइड. हायड्रोजन पेरॉक्साइडचे रेणू इतके लहान असतात की ते इनॅमलमधून पार होऊन डेंटिनपर्यंत जातात आणि तिथल्या रंगीत मोठ्या रेणूंचे तुकडे करतात, तुकड्यांना रंग राहत नाही. म्हणजे यात घासणं नाही, खरवडणं नाही. कार्बामाइड पेरॉक्साइड हा त्याचाच सौम्य भाऊ, 10 टक्के कार्बामाइडमधून साधारण साडेतीन टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड सुटतं, तेही हळूहळू. रात्री ट्रेमध्ये घालून झोपायची पद्धत हेवूड आणि हेमन या दोन अमेरिकन दंतवैद्यांनी 1989 मध्ये मांडली आणि आजही मी बहुतेकांना तीच देते. तुमच्या दातांचं माप घेऊन पातळ पारदर्शक ट्रे बनवतात, प्रत्येक दाताच्या पुढच्या बाजूला तांदळाच्या दाण्याएवढं जेल, बाहेर आलेलं बोटाने पुसून टाकायचं, आणि दोन ते चार आठवडे. क्लिनिकमध्ये खुर्चीवर करतात त्यात 25 ते 40 टक्क्यांचं जेल असतं आणि हिरडी आधी झाकून घ्यावी लागते. त्याचा फायदा वेळेचा. शेवटी पोचता त्याच रंगापाशी, आणि वर जो निळा लाइट लावतात त्याने टिकाऊ फरक फारसा पडत नाही. शिवाय खुर्चीवरून उठल्या उठल्या दात जे झगझगीत दिसतात त्यात दात कोरडे पडल्याचाही भाग असतो, लाळेने परत ओले झाले की दोन-चार दिवसांत रंग थोडा खाली येतो. हे मी आधीच सांगून ठेवते, नाहीतर लोक घाबरून फोन करतात.

ऑनलाइन जेलबद्दल माझी अडचण पेरॉक्साइडची नाही, डब्यात काय आहे आणि तुमच्या तोंडात काय आहे हे कुणीच बघितलेलं नसतं याची आहे. युरोपियन युनियनच्या 2011 च्या नियमात 0.1 टक्क्यापर्यंतचंच हायड्रोजन पेरॉक्साइड थेट ग्राहकाला विकता येतं, त्यावर 6 टक्क्यांपर्यंतचं फक्त दंतवैद्यामार्फत, पहिला वापर त्याच्या देखरेखीत, आणि अठरा वर्षांखाली नाहीच. तुम्ही कुठेही राहत असा, अंदाज घ्यायला हे माप चांगलं आहे. ज्या जेलवर टक्केवारीच लिहिलेली नाही ते तोंडात घालू नका. आणि सगळ्यांना एकच माप बसणारा जो रबरी ट्रे मिळतो त्यातून जेल हिरडीवर उतरतं, हिरडी पांढरी पडून चुरचुरते, बहुतेकदा दोन दिवसांत बरी होते पण ते दोन दिवस वाईट जातात.

कळ येण्याबद्दल. पेरॉक्साइड दाताच्या नसेपर्यंत काही मिनिटांत पोचतं, त्यामुळे चांगल्या दातांनाही थोडी सेन्सिटिव्हिटी येते, ती थांबल्यावर जाते. पण तुमची आत्ताच आहे. अशा दातावर जेल लावणं म्हणजे सोललेल्या त्वचेवर मीठ. तीन-चार आठवडे पोटॅशियम नायट्रेट आणि फ्लोराइड असलेली सेन्सिटिव्ह पेस्ट, मऊ ब्रश, दिवसातून दोनदा, घासून झाल्यावर नुसतं थुंकायचं, पाण्याने खळखळून चूळ भरायची नाही म्हणजे फ्लोराइड दातावर राहतं. आंबट काही खाल्लं-प्यायलं तर आधी साध्या पाण्याने चूळ आणि अर्धा-पाऊण तास ब्रश नाही. कळ एकाच दाताला येत असेल, किंवा गारापेक्षा गरमाने जास्त येत असेल आणि बराच वेळ टिकत असेल, तर ते लिंबाचं काम नाही, कीड किंवा चीर बघावी लागेल. किडलेल्या दातात जेल गेलं तर काय होतं हे मी रात्री अकरा वाजता आलेल्या पेशंटमध्ये बघितलंय.

अजून एक गोष्ट विचारून घ्या, पुढच्या दातांना फिलिंग किंवा कॅप आहे का. पेरॉक्साइड फक्त खऱ्या दाताचा रंग बदलतं. प्रॅक्टिसच्या दुसऱ्या वर्षी मी एका मुलीचं ब्लीचिंग केलं, दात सुंदर आले, आणि पटाशीच्या दाताच्या कोपऱ्यातलं जुनं फिलिंग, जे आधी इतकं मिसळून गेलं होतं की मलाही नीट दिसलं नव्हतं, ते पिवळ्या तिकोनासारखं वेगळं उठून दिसायला लागलं. तिचा चेहरा पडला तो मी विसरले नाही. नवीन फिलिंगही लगेच करता येईना, कारण ब्लीचिंगनंतर दातात उरलेल्या ऑक्सिजनमुळे ते नीट चिकटत नाही, दोन आठवडे थांबावं लागतं. तेव्हापासून मी आधी दात ओले असतानाच शेड गाइडची, म्हणजे दातांच्या रंगाच्या नमुन्यांची, पट्टी दाताला लावून फोटो काढते, मग दात वाळवून कुठलं फिलिंग नंतर बदलावं लागेल हे पेशंटला आरशात दाखवते. त्या पट्टीवर सोळा रंग असतात, आणि सगळ्यात फिकट रंगाचा हट्ट धरणाऱ्यांना मी डोळ्याच्या पांढऱ्या भागाकडे बघायला सांगते. दात त्याहून पांढरे झाले की चेहऱ्यावर आधी दातच दिसतात.

काही रंग या सगळ्याला दाद देत नाहीत तेही सांगते. लहानपणी, आठ वर्षांच्या आत, टेट्रासायक्लिन हे अँटिबायोटिक घेतलं असेल तर करडे-तपकिरी आडवे पट्टे असतात, त्याला ट्रे महिनोनमहिने वापरावा लागतो. पाण्यातल्या जास्त फ्लोराइडमुळे आलेले पांढरे ठिपके ब्लीचने सुरुवातीला जास्तच उठून दिसतात, तिथे रेझिन जिरवण्याची वेगळी ट्रीटमेंट असते. व्हाइटनिंग टूथपेस्ट बहुतेक वरचेच डाग काढतात, काहींत निळा रंग असतो जो दातावर बसून पिवळेपणा डोळ्याला कमी भासवतो. फोटोच्या दिवशी वापरायला हरकत नाही, पुढच्या ब्रशपर्यंतचं काम आहे.

आता तो करडा दात. लहानपणी पडलात तेव्हा दाताच्या आतली नस दुखावली असणार, रक्त आतल्या आत पसरलं, आणि त्यातले रंगीत घटक डेंटिनच्या बारीक नळ्यांत जाऊन बसले. नस मेली की दात दुखत नाही, म्हणूनच लोक तो वर्षानुवर्षं तसाच ठेवतात. पण मेलेल्या नसेत जंतू शिरले तर मुळाच्या टोकाशी हाड हळूहळू पोखरलं जातं, त्यातही दुखेलच असं नाही. माझ्याकडे एक जण अशाच "फक्त रंगासाठी" आला होता, एक्सरेत मुळाच्या टोकाला वाटाण्याएवढा काळा गोल होता, आणि त्याला कधी एक दिवसही दुखलं नव्हतं. तुमचं तसंच असेल असं नाही, कधी नस जिवंत राहून आतली जागा कॅल्शियमने भरत जाते आणि दात नुसता गडद होतो. एक्सरे आणि गार लावून केलेली टेस्ट, याशिवाय सांगता येत नाही. बाहेरून जेल लावून हा दात बाकीच्यांबरोबर येणार नाही, उलट बाकीचे फिके झाले की हा जास्त करडा दिसेल. नस मेलेली निघाली तर रूट कॅनाल करून, मुळाचं तोंड सीलबंद करून, ब्लीच दाताच्या आत ठेवतात, वर तात्पुरतं फिलिंग, आठवड्याने बदलायचं, दोन ते चार वेळा. आतून उजळणारा दात बघणं हे माझ्या कामातलं मला सगळ्यात आवडणारं काम आहे. कुणी पहिल्याच भेटीत थेट कॅप सांगितली तर हा पर्याय का नाही ते जरूर विचारा.

सहा आठवड्यांत मी तुमच्या जागी असते तर या आठवड्यात एक्सरे आणि स्केलिंग, मग महिनाभर दात शांत होऊ देणं. चौथ्या आठवड्यापर्यंत कळ पूर्ण गेली आणि रंग अजून खटकत असला तर डॉक्टरच्या ट्रेमध्ये 10 टक्क्यांचं जेल, एक दिवसाआड. कळ राहिली तर समारंभ स्केलिंगवरच निभावून न्यायचा आणि ब्लीचिंग नंतर सावकाश. प्रेग्नन्सी किंवा बाळाला पाजणं चालू असेल तर ब्लीचिंग पुढे ढकला. डॉक्टरकडे गेलात की दात पिवळे आहेत इथून सुरुवात करू नका. लहानपणी कुठल्या वयात पडलात, तेव्हा दात हलला होता का, त्याच्यावरच्या हिरडीवर कधी पुळीसारखं येऊन फुटलं होतं का, हे आधी सांगा. पुळी येऊन गेली असेल तर उद्याच जा.